आवाजाच्या कामात नव्यानं येताय? रेडिओपासून कॅमेऱ्यापर्यंतची वाट

"ताई, सगळे म्हणतात माझा आवाज छान आहे. डबिंगमध्ये यायचं तर कुणाला भेटायचं?" असे फोन मला सतत येतात. साताऱ्याहून, लातूरहून, चिपळूणहून. परवा तर बडोद्याच्या एका मराठी मुलीचा आला. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहावं म्हणून हा लेख. मी रेडिओ, डबिंग आणि मालिका अशा तिन्हीकडे काम करते. ज्या क्रमानं हे शिकावं असं मला मनापासून वाटतं त्याच क्रमानं सांगते: आधी रेडिओ, मग डबिंग, मग कॅमेरा.

उलट्या क्रमानं आलेलेही पुष्कळ आहेत आणि त्यांचं उत्तम चाललंय. तरी मी रेडिओ आधी म्हणते, कारण तिथे तुमच्या हाताशी फक्त शब्द असतात. चेहरा नाही, हातवारे नाहीत, संगीतही बेताचंच. कोण कुणाशी, किती अंतरावरून, कशासाठी बोलतंय हे तुमच्या बोलण्यातून कळलं नाही तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. ते कळवायची सवय एकदा अंगात मुरली की ती डबिंगच्या खोलीतही कामी येते आणि क्लोजअपमध्येही.

घरातल्या मोठ्या माणसांना आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेबद्दल विचारून बघा. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही त्यातली तीन माणसं. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर हे त्यांचे आवाज. नीलम प्रभू म्हणजेच पुढच्या करुणा देव. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी यांचे चेहरे पाहिलेले नव्हते, पण मीनावहिनी काय म्हणाल्या याची चर्चा दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये व्हायची. त्या आवाजांत भारदस्तपणा शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून कानावर यावं तसं ते वाटायचं. 'छान आवाज' आणि 'आवाजाचं काम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांच्यावरून शिकले.

पहिली पायरी: कान

पहिला महिना माइक विकत घेऊ नका. मोबाइलच्या रेकॉर्डरवर रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचा आणि लगेच ऐका. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. सगळ्यांचंच तसं होतं, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. आठ दिवसांनी कान सरावतात आणि मग चुका ऐकू यायला लागतात: वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, श्वास भलत्याच ठिकाणी घेतला जातो, प्रत्येक वाक्य एकाच चालीत संपतं.

मग तोच परिच्छेद तीन माणसांना सांगा. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना. नुकतंच बाळ झोपवलेल्या बहिणीला. आणि घाईत चप्पल घालणाऱ्या मित्राला. शब्द तेच ठेवायचे, माणूस बदलायचा. आवाज बदलायचा प्रयत्न मुद्दाम करू नका, समोर माणूस आणलात की तो आपोआप बदलतो. अभिनयाच्या वर्गात महिनोन्महिने ज्याच्यावर बोललं जातं त्यातलं बरंचसं या एका सरावात आहे.

दुसरी पायरी: उच्चार

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नव्या मुलांचं काम सर्वांत जास्त इथेच अडतं.

मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. 'चार बैल' आणि 'बैलांचा चारा' मोठ्यानं म्हणून बघा. 'हे जग' आणि 'तू मनासारखं जग' यांतला ज ऐका. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांचे हे उच्चार सरमिसळ होतात आणि रेकॉर्डिस्ट काही बोलायच्या आधी ऐकणाऱ्याला ते खटकतात. तसाच ळ: 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ'. यासाठी 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे लहानपणीचं वाक्य रोज दहा वेळा म्हणा, आधी सावकाश, मग वेगात. 'चटईला टाचणी टोचली' हेही. मनाचे श्लोक पाठ असतील तर फारच उत्तम. त्या वृत्तात शब्द गिळायला जागाच नाही.

आकडे वेगळे घोटा. बातमी, जाहिरात, माहितीपट, सगळीकडे आकडे येतात आणि ६९, ७९, ८९ समोर आले की भलेभले थबकतात. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि लगेच पुढे ९९ चं नव्याण्णव. १ ते १०० उलट क्रमानं न अडखळता म्हणता आलं पाहिजे.

आता बोलीबद्दल. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी, कोल्हापुरी, जे काही तुमच्या घरात बोललं जातं ते पुसून टाकू नका. प्रमाण मराठी त्याच्या जोडीला शिका. मला आलेल्या कामांपैकी काही सर्वांत चांगली कामं आजोळच्या बोलीमुळे आली आहेत, कारण ती बोली नकलेनं बोलणारे पन्नास असतात आणि खरी बोलणारे दोन. 'तू गावंढळ बोलतोस' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. ज्याला दोन्ही येतं त्याला काम दुप्पट मिळतं.

अडखळत बोलणाऱ्यांनी तर अजिबात खचू नये. अभिनेते शरद केळकर यांनी आपण पूर्वी अडखळत बोलायचो हे स्वतः मुलाखतींमधून सांगितलं आहे. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला त्यांचाच आवाज आहे.

तिसरी पायरी: आकाशवाणीची ऑडिशन

मुंबई केंद्र १९२७ पासूनचं, पुणे केंद्र १९५३ पासूनचं. त्याशिवाय नागपूर, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, नाशिक, जळगाव, परभणी, अकोला अशी कितीतरी केंद्रं आहेत. तुमच्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात केंद्र असेलच. गोव्यातल्यांसाठी पणजी केंद्र आहे, तिथे कोकणीबरोबर मराठी कार्यक्रमही होतात. मुंबईतच यायला हवं असं काही नाही.

नाटकासाठीची ऑडिशन वेगळी आणि निवेदकाची वेगळी. नाटकासाठी केंद्रात जाऊन नाट्यविभागात चौकशी करा, अर्ज कधी निघतो ते विचारा आणि भरून द्या. ऑडिशनमध्ये हातात उतारे देतात आणि वेगवेगळ्या भावनांची, वयांची पात्रं वाचायला सांगतात. उत्तीर्ण झालात की श्रेणी मिळते. बी पासून सुरुवात, मग बी-हाय, ए आणि टॉप. मानधन श्रेणीनुसार ठरतं. वरच्या श्रेणीसाठी पुन्हा ऑडिशन द्यावी लागते. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरतं बोलावल्या जाणाऱ्या, निवेदकासाठी लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि 'वाणी' नावाचा प्रशिक्षणवर्ग असतो. कामाच्या पाळ्या महिन्यातून मोजक्याच मिळतात. त्यावर घर चालणार नाही हे आधीच सांगते. पण माइकसमोर बसून घड्याळाच्या काट्याला बांधलेलं बोलणं दुसरीकडे कुठे शिकायला मिळेल?

ऑडिशन निघायला वेळ असेल तर सामुदायिक रेडिओकडे, म्हणजे एखाद्या भागापुरत्या छोट्या केंद्राकडे, वळा. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. अशा ठिकाणी उत्साही माणसांची कायम गरज असते आणि पहिल्याच आठवड्यात माइक हातात मिळू शकतो.

स्टुडिओत गेल्यावर

माझ्या पहिल्या नभोनाट्यात मला तीन पानांवर मिळून सहा वाक्यं होती. ज्येष्ठ कलावंत बाईंनी माझी संहिता मागून घेतली, कोपऱ्यातली पिन काढली आणि प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा वर दुमडला. बोलल्या काहीच नाहीत. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कळलं. दुमडलेला कोपरा दोन बोटांत अलगद येतो, पान सरकवून खाली सोडता येतं, कागद वाजत नाही. पिन लावलेली पानं उलटताना जो खरखराट होतो तो संवेदनशील माइकवर पत्रा वाजल्यासारखा ऐकू येतो. आजही संहिता हातात आली की माझं पहिलं काम तेच.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. संहिता तोंड आणि माइक यांच्या मध्ये धरू नका, माइकच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर धरा. मान खाली गेली की घसा दबतो आणि आवाज कागदावर पडतो. दुरून येणारं पात्र असेल तर आवाज लहान करू नका. दोन पावलं मागे जा किंवा तोंड वळवा आणि लांबच्या माणसाला हाक मारावी तसंच बोला. कानगोष्ट असेल तर माइकजवळ या, पण श्वास थेट आत सोडू नका. वाजणाऱ्या बांगड्या, सळसळणारी नायलॉनची साडी, खिशातल्या किल्ल्या घरी ठेवून या. आणि तुमची वाक्यं नसतानाही दुसऱ्याचं बोलणं ऐकत उभे राहा. पान पुढे वाचत बसलात की तुमचं उत्तर पाठ केल्यासारखं येतं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

चौथी पायरी: घरचा नमुना

आता माइक घ्या. सुरुवातीला कंप्युटरला थेट जोडता येणारा साधा यूएसबी कंडेन्सर माइक पुरतो. त्यापेक्षा खोली महत्त्वाची. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका, पंखा आणि फ्रिज बंद करा. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार सरळ त्यावर जाणार नाही. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल अशी मांडणी ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज त्यातल्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या कधी होतात हे पाठ करा. मी पहाटे साडेपाचला रेकॉर्ड करते.

नमुना, म्हणजे काम मागताना पाठवायचं तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, मिनिट-दीड मिनिटाचा असावा. निवेदन, जाहिरात, दोन पात्रं, एक बोली, सगळं वेगवेगळ्या फाइलींत. मागे संगीत नको, त्यानं आवाज झाकला जातो. प्रसिद्ध नटांच्या नकला नकोत. ऐकणाऱ्याला तुम्ही कोण आहात ते हवं असतं. फाइलचं नाव नीट द्या: तुमचं नाव, शहर, भाषा, प्रकार. 'न्यू फायनल दोन' अशा नावाची फाइल पुन्हा कुणालाच सापडत नाही.

पाचवी पायरी: डबिंग

डबिंगची कामं मुख्यतः मुंबईत, अंधेरी, ओशिवरा, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात. मराठीत काम वाढतंय, तरी हिंदीत आजही कितीतरी जास्त आहे, म्हणून हिंदी घासूनपुसून घ्या. आपल्या लोकांचं 'है' आणि 'और' हे 'हइ' आणि 'अउर' होतं, 'ज्ञान'चं 'द्न्यान' होतं. हे सुटायला सहा महिने लागतात, पण सुटतं. 'निंजा हातोडी'चा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा आणि 'पुष्पा'तल्या अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज श्रेयस तळपदे यांचा, दोघंही आपल्याच रंगभूमीच्या आणि मालिकांच्या जगातले.

सुरुवात गर्दीपासून होते. 'क्राउड' म्हणजे बाजार, मोर्चा, लग्न, दवाखाना यांतले मागचे आवाज. चार-पाच जण माइकभोवती उभे राहून पूर्ण सिनेमाची गर्दी करतात. हे काम कमी लेखू नका. तिथे डबिंग डायरेक्टर तुम्हाला ऐकत असतो आणि एका ओळीचं पात्र उभ्याउभ्या देऊन टाकतो.

मूळ आवाज एका कानात, समोर पडदा, हातात किंवा टॅबवर संहिता आणि टाइमकोड, म्हणजे कुठलं वाक्य कुठल्या क्षणाला येतं त्याचे आकडे. एकदा बघायचं, एकदा पुटपुटायचं, मग घ्यायचं. सगळं लक्ष ओठांवर. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात (फ चा 'एफ'सारखा उच्चार केलात तर पुरते मिटत नाहीत), बाकीच्यांना नाही. एकदा पडद्यावरचा म्हातारा वाक्याच्या शेवटी ओठ मिटून थांबत होता आणि आमच्या संहितेत होतं, "तू इथेच राहा." 'राहा' म्हणताना तोंड उघडंच राहतं. कितीही वेळा घेतलं तरी ते वाक्य त्याच्या तोंडात बसेना. मग केलं, "तू इथेच थांब." 'ब'ला ओठ मिटले आणि म्हातारा मराठी झाला. असा शब्द सुचला तर डायरेक्टरला हळूच विचारा, परस्पर बदलू नका.

शब्दांइतकाच श्वास महत्त्वाचा. पडद्यावरचा नट बोलायच्या आधी जो श्वास घेतो तो तुम्हीही घ्या, वाक्य आपोआप वेळेवर सुरू होतं. हुंकार, धाप, आवंढा, मार लागल्याचा आवाज, ओझं उचलल्याचा आवाज हे सगळं द्यावं लागतं. किंचाळ्या आणि मारामारी शेवटी ठेवा अशी विनंती सुरुवातीलाच करा. चांगले डायरेक्टर ती मान्य करतात. आधीच घसा फाडून घेतलात तर उरलेला दिवस वाया गेला.

ऑडिओबुकबद्दल थोडक्यात: स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ साली भारतात आल्यावर मराठीत या कामाला वेग आला. इथे दम लागतो, पात्रांचे आवाज दहाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखे राहायला हवेत. प्रत्येक पात्राची दोन वाक्यं वेगळ्या फाइलीत जपून ठेवा आणि रोज बसण्याआधी ऐका.

सहावी पायरी: कॅमेरा

रेडिओ-डबिंगमधून कॅमेऱ्यासमोर येणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. सगळी भावना आवाजात ओतली जाते आणि डोळे कागद शोधत राहतात. उपाय एकच, पाठांतर. मालिकेत दृश्य कधीकधी मेकअप चालू असताना हातात पडतं, त्यामुळे वीस मिनिटांत दोन पानं पाठ करायची सवय घरी लावून घ्या. क्लोजअपमध्ये आवाज निम्म्यानं कमी करा आणि समोरच्याचं पूर्ण ऐका. रेडिओनं लावलेली ऐकायची सवय इथे चेहऱ्यावर दिसते.

एकांकिका करा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याच्याही आधीची. शिक्षण घ्यायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहेत. सेल्फ-टेप, म्हणजे ऑडिशनचा स्वतःच काढलेला व्हिडिओ, मागितली तर मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, मागे साधी भिंत, समोर खिडकीचा उजेड. नाव, वय, उंची, राहायचं ठिकाण सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा आणि मग दृश्य. भूमिका देण्यासाठी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

पैसे आणि कागद

सुरुवातीच्या काळात एका जाहिरातीसाठी 'नुसता नमुना द्या' म्हणून माझा आवाज घेतला. दोन महिन्यांनी तोच नमुना रिक्षात बसलेली असताना एफएमवर ऐकला. पैसे मिळाले नाहीत, कारण लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून नमुना देतानाही मी असा संदेश पाठवते, तुम्हीही तसाच पाठवा:

"हा आवाज फक्त निवडीसाठी आहे. वापरायचा झाल्यास मानधन, माध्यम आणि कालावधी आधी ठरवू. या ध्वनिमुद्रणाचा उपयोग कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी किंवा यंत्राला शिकवण्यासाठी माझ्या लेखी परवानगीशिवाय करू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. कराराच्या कागदावर 'सर्व विद्यमान आणि भविष्यातील तंत्रज्ञान' असे शब्द दिसले तर थांबा आणि विचारा. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या प्रकरणात त्यांच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्राकरवी नक्कल करायला मनाई केली. तो आदेश नामवंत गायकाच्या बाबतीतला आहे. आपल्यासारख्यांना आपला कागदच सांभाळावा लागतो. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया या संघटनेचं सभासदत्व कसं मिळतं याची माहिती करून घ्या.

मालिकांचे पैसे बहुतेक वेळा तीन महिन्यांनी येतात. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापला जातो, म्हणून पॅन कार्ड तयार ठेवा आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर ते पैसे परत मिळतात. प्रत्येक कामाची तारीख, ठिकाण, तास आणि ठरलेली रक्कम एका वहीत लिहा. पहिलं वर्षभर दुसरी नोकरी सोडू नका. भाड्याची चिंता डोक्यात घेऊन माइकसमोर उभं राहिलं की ती आवाजात ऐकू येते.

घसा

दिवसभर थोडंथोडं कोमट पाणी प्या. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री जागरण आणि तिखट-तेलकट टाळा. घसा खाकरून साफ करू नका, एक घोट पाणी घेऊन आवंढा गिळा. घशातल्या स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटून सुजतात त्या खाकरण्यानंच. सर्दी झाली असेल तर कुजबुजत बोलू नका, त्यानं ताण वाढतो. गप्प बसा. आवाज बसलेला असताना काम आलं तर फोन करून सांगा आणि दोन दिवस मागा. सांगितलं तर लोक समजून घेतात. घोगरेपणा तीन आठवड्यांनीही गेला नाही तर घरगुती काढे थांबवून कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा, आणि तुम्ही आवाजावर पोट भरता हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.